गोव्याच्या दमट हवेत टिकणारं होम थिएटर कॅबिनेट: आधी स्पीकरचे डबे, मग फर्निचर

माझं पहिलं कॅबिनेट एप्रिलमध्ये तयार झालं आणि ऑगस्टमध्ये त्याचं दार लागेना. एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं) होतं, वरून पांढरं चकचकीत, आलेला प्रत्येक जण हात फिरवून बघायचा. डिचोलीचा पाऊस दीड-दोन महिने खाल्ला आणि खालच्या कडा चहात बुडवलेल्या पावासारख्या फुगल्या. आवाजाचं तर विचारूच नका. स्पीकर थेट पुढच्या फळीला भोकं पाडून बसवलेले, मागे सगळं मिळून एकच पोकळ खोकं, त्यातच एव्हीआर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर), त्यातच सेट टॉप बॉक्स, त्यातच वायरींचा गुंता. सिनेमात जरा बास, म्हणजे खालचा जाड आवाज, आला की दारं टकटक वाजायची, दरवाज्यावर कोण आलंय म्हणून आई दोनदा उठून बघून आली.

दुसरं केलं ते अजून उभं आहे, तीन पावसाळे झाले. दोन्हींत फरक काय, तर दुसऱ्या वेळी मी आधी स्पीकरचे डबे केले, वेगळे, हवाबंद, आणि मग ते डबे आत सरकवता येतील असं फर्निचर त्यांच्याभोवती बांधलं. नवीन माणसाने बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं धरून ठेवा. सुताराकडे जाऊन 'टीव्ही युनिट करा आणि त्याला स्पीकर बसवा' असं म्हणालात की माझ्या पहिल्या कॅबिनेटसारखंच काहीतरी होतं.

कारण असं. स्पीकरचा कोन पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबतो आणि त्याच वेळी मागची हवा सैल करतो. म्हणजे मागून निघणारा आवाज पुढच्याच्या बरोबर उलटा. मागचा आवाज फटीतून, वायरच्या भोकातून, उघड्या पाठीतून फिरून पुढे आला की दोघं एकमेकांना मारतात, आणि पहिला मार बासला बसतो. म्हणून मागचा आवाज डब्यात कोंडायचा. दुसरा मार्ग म्हणजे डब्याला मोजून एक नळी, म्हणजे पोर्ट, ठेवायचा आणि त्या आवाजाला कामाला लावायचं.

हे मी आमच्या मेस्तला समजावत होतो (आमच्याकडे सुताराला मेस्तच म्हणतात), कागदावर चित्र काढून झालं, त्याला काही पटेना. मग आठवलं की हा माणूस चवथीत आरत्यांना घुमट वाजवतो. म्हटलं, घुमटाच्या एका तोंडाला चामडं आणि दुसरं तोंड उघडं, त्या उघड्या तोंडावर तुम्ही हात का झाकता-उघडता? तो हसला, हवेतच डावा पंजा दोनदा उघडून मिटला आणि तोंडाने घुमटाचा आवाज काढून दाखवला. पोर्ट म्हणजे ते मागचं तोंड. मातीच्या भांड्याचं पोट आणि तोंडाचा आकार यावर घुमटाचा घुमारा ठरतो, तसंच डब्याचे लिटर आणि नळीची लांबी-रुंदी यावर पोर्टचा स्वर ठरतो. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, पण आमच्या घरात त्याने स्पीकर शिकवण्याचं कामही केलं. सगळं ऐकून मेस्त म्हणाला, मग हे तोंड बंदच करूया, सिनेमाभर हात धरून कोण बसणार! आणि नवीन माणसासाठी ते बरोबरच आहे. बंद डबा करा. पोर्टची नळी दोन सेंटिमीटर चुकली तरी बास भलतीकडेच फुगतो, बंद डब्यात अर्धा लिटर इकडेतिकडे झाला तर कुणाला कळतही नाही.

डबा किती लिटरचा

ड्रायव्हर (डब्यात बसवायचा नुसता, सुटा स्पीकर) विकत घेताना त्याचा डेटाशीट, म्हणजे कंपनीने दिलेला आकड्यांचा कागद, मागा, नसेल तर तो ड्रायव्हर घेऊच नका, कितीही वॉट छापलेले असू देत. त्यात तीन आकडे बघायचे: एफएस (ड्रायव्हर स्वतः ज्या स्वरावर घुमतो तो), क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलेलं आहे) आणि व्हीएएस (त्याच्या लवचिकतेशी बरोबरी करणारी हवा, लिटरमध्ये). या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात, थील आणि स्मॉल या दोन इंजिनिअरांच्या नावावरून. बंद डब्यासाठी हिशेब सोपा आहे, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. ०.७०७ ला क्यूटीएसने भागा, आलेल्याचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा, आणि व्हीएएसला या उत्तराने भागा. झाले लिटर.

समजा साडेसहा इंची वूफर (खालच्या स्वरांचा ड्रायव्हर) आहे, क्यूटीएस ०.४०, व्हीएएस २० लिटर, एफएस ५० हर्ट्झ. ०.७०७ भागिले ०.४० म्हणजे १.७७, त्याचा वर्ग ३.१२, वजा १ म्हणजे २.१२. २० भागिले २.१२ म्हणजे साधारण ९.४ लिटर. ड्रायव्हरचं मॅग्नेट, आतली आडवी पट्टी, क्रॉसओव्हर (खालचे-वरचे स्वर वेगळे करून वाटणारी पाटी) हे सगळं जागा खातं म्हणून दहा-बारा टक्के जास्त धरा, साडेदहा लिटर. या डब्यात स्पीकर ८८ हर्ट्झच्या आसपासपर्यंत नीट वाजेल (५० गुणिले १.७७), त्याखाली उतरत जाईल. चालतंय, खालचं काम सबवूफरचं.

साडेदहा लिटर म्हणजे आतून २२ सेंटिमीटर रुंद, १६ खोल, ३० उंच. चौकोनी ठोकळा करू नका, तिन्ही मापं सारखी असली की आतला आवाज एकाच स्वरावर घुमतो. १८ मिलिमीटरचं प्लाय वापरलं की बाहेरचं माप २५.६ बाय १९.६ बाय ३३.६. असे तीन डबे, डावा, उजवा आणि मधला, तिन्ही अगदी सारखे. मधल्यासाठी दुकानात आडवे, लांबट स्पीकर मिळतात ते बघून नवीन माणूस मोहात पडतो. आडव्या स्पीकरमध्ये वूफर शेजारी शेजारी येतात आणि सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला संवाद खोल गेल्यासारखे ऐकू येतात. जागा असेल तर उभाच ठेवा.

आता फर्निचरचं माप

तीन वेगळे तुकडे करा. मधलं युनिट ५ फूट रुंद, १८ इंच खोल, पायांसकट २० इंच उंच. दोन्ही बाजूंना १ फूट रुंद, १४ इंच खोल, ४२ इंच उंच असे दोन खांब. एकसंध आठ फुटी वस्तू करू नका, एक तर ती जिन्यावरून चढणार नाही, आणि दुसरं म्हणजे चवथीला हॉल मोकळा करावा लागतो, मखर तिथेच बसतं, माटोळी (गणपतीवर टांगलेलं फळापानांचं छत) तिथेच बांधतात. आमच्याकडे पहिल्या वेळी ते धूड सहा जणांनी उचललं आणि भिंतीचा रंग खरवडला.

खांबांत स्पीकरचा डबा सगळ्यात वर येतो, म्हणजे ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा ड्रायव्हर) जमिनीपासून ९८ सेंटिमीटरच्या आसपास, सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाजवळ. तुमचा सोफा खोल असेल तर टेप लावून कानाची उंची आधी मोजा आणि त्याप्रमाणे खांब कमी-जास्त करा. दोन ट्वीटरमध्ये सहा फूट अंतर येतं, सात फुटांवर बसलात तर प्रत्येक स्पीकर मधल्या रेषेपासून २३ अंशांवर पडतो. २२ ते ३० मध्ये असलं की झालं. ५५ इंची टीव्ही साधारण १२२ सेंटिमीटर रुंद असतो, तो मधल्या पाच फुटांत आरामात बसतो.

मधल्या युनिटच्या पोटात मध्ये ३० सेंटिमीटरचा कप्पा मधल्या स्पीकरला, डावीकडे एव्हीआर, उजवीकडे बाकी खोकी. हा मधला स्पीकर कानापेक्षा बराच खाली राहतो म्हणून त्याच्या पुढच्या कडेखाली तीन सेंटिमीटरची रबरी पाचर घाला, तोंड वर सोफ्याकडे होईल. आतली उंची ३७ सेंटिमीटर आहे, तेवढा तिरका डबा मावतो, मी मोजूनच लिहितोय.

मेस्तला मापं सांगताना सांभाळा. आपण इंटरनेटवरून सेंटिमीटर आणतो, तो इंच आणि सूत बोलतो, आठ सूत म्हणजे एक इंच. एकाच कागदावर दोन्ही लिहून द्या. माझ्या एका फळीत '३ सूत' चं ३ सेंटिमीटर झालं होतं, ती फळी आज कोंबड्यांच्या खुराड्याला आहे.

लाकूड

एमडीएफ आवाजाला चांगलं, एकसारखं घट्ट असतं, म्हणून परदेशातले सगळे व्हिडिओ एमडीएफ एमडीएफ करत असतात. त्यांच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला बुरशी येत नाही. आपल्याकडे आयएस ७१० छाप असलेलं मरीन प्लाय घ्या. ही बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळतं पाणी सोसणारी ग्रेड, तिच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. एमआर (फक्त ओल सोसणारी) ग्रेड स्वस्त पडते, दुकानदार 'सर हेच सगळे नेतात' म्हणेल, नेऊ देत. डब्याच्या पुढच्या फळीसाठी एचडीएचएमआर (जास्त घट्ट, जास्त ओल सोसणारं) बोर्डही चांगलं, राऊटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) भोक स्वच्छ निघतं आणि एमडीएफपेक्षा पाणी बरंच जास्त सोसतं. आठ बाय चारच्या तीन शीट धरा, अडीचमध्ये बसवायला जाल तर शेवटी एका पट्टीसाठी परत म्हापशाला किंवा फोंड्याला फेरी. शीट घरी आणल्यावर आठवडाभर आडव्या, खाली पट्ट्या घालून ठेवा, मग कापा.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. गम वॉटरप्रूफ. ड्रायव्हर निवडताना पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि रबरी कडा बघा, फोमची कडा आपल्या हवेत काही वर्षांत भुगा होते, कागदी कोनावर बुरशीचे ठिपके येतात.

डबा जोडणं

कापणी दुकानातल्या पॅनल सॉवर करून घ्या, काटकोन मिळतो, आणि डब्याचा सगळा जीव काटकोनात आहे. वूफरचं भोक जिगसॉने कापू नका असं मी म्हणणार नाही, पण राऊटरला गोल जिग लावून कापलेलं भोक बघितलं की परत जिगसॉ उचलणार नाही. भोकाचा व्यास डेटाशीटमधून घ्या, कोनावरून अंदाजाने नको.

गम लावा, क्लॅम्प लावा, स्क्रू मारा, रात्रभर ठेवा. आत दोन समोरासमोरच्या भिंतींना जोडणारी एक आडवी पट्टी द्या, बरोबर मध्यावर नको, थोडी बाजूला. मग बोटाच्या पेराने डब्यावर टकटक करा, ठक्क असा मेलेला आवाज आला पाहिजे, ढब्ब आला तर अजून एक पट्टी. आतल्या सगळ्या सांध्यांवरून सिलिकॉन फिरवा, फक्त व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्याच्या वाफेने तांबं खराब होतं, न्यूट्रल क्युअर मागून घ्या. सुकल्यावर आत उशीत भरतात तो पॉलिएस्टर कापूस मोकळा करून भरा, दाबून नाही. सावरीचा कापूस घरात पडलाय म्हणून भरू नका, दमट झाला की त्याचा गोळा होतो आणि वास सुटतो.

ड्रायव्हरच्या कडेखाली फोमची पट्टी. बसवून झालं की वूफरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूच आत दाबा आणि सोडा. सावकाश वर आला तर डबा हवाबंद, पटकन उसळला तर कुठेतरी फट आहे, बहुतेक वेळा वायरच्या भोकाशी.

क्रॉसओव्हरबद्दल थोडं स्पष्टच. दुकानात 'टू वे, ३००० हर्ट्झ' असं लिहिलेल्या तयार पाट्या मिळतात, त्या तुमच्या ड्रायव्हरला ओळखत नाहीत. वूफर, ट्वीटर आणि क्रॉसओव्हर एकत्र येणारं किट घ्या आणि किटवाल्याने सांगितलेलेच लिटर ठेवा, मग वरचा हिशेब फक्त पडताळायला. ते नको असेल तर सरळ तयार बुकशेल्फ स्पीकर घ्या आणि त्याच्या मापाचा कप्पा करा. त्यात काही कमीपणा नाही, उलट पहिल्यांदा करणाऱ्या चारांतल्या तिघांना मी हेच सांगतो. फक्त पोर्ट मागे असलेला स्पीकर कप्प्यात कोंडू नका, पोर्ट पुढे असलेला नाहीतर बंद घ्या.

दोन्ही प्रकारांत स्पीकरचं तोंड कॅबिनेटच्या पुढच्या कडेला अगदी सपाट आलं पाहिजे. चार इंच आत गेला की गुहेतून बोलल्यासारखं वाटतं. डबा आणि खांब यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर उरतात, तिथे मऊ फोमची पट्टी, खाली रबराचे चार तुकडे. डब्याला खांबाला स्क्रू मारायचा नाही, कंप फर्निचरमध्ये उतरता कामा नये.

खांबाचा खालचा भाग रिकामा राहतो, तिथे वाळूच्या दोन पिशव्या ठेवा म्हणजे खांब हलत नाही. समुद्रावरची वाळू आणू नका, फुकट असली तरी. तिच्यातलं मीठ पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात पिशवीखाली ओल दिसते.

तोंडावर कापड, दारावर वेत

स्पीकरसमोर ग्रिलचं जाळीदार कापड, लाकडी चौकटीवर ताणून, चुंबकाने चिकटणारं. कापड घेताना तोंडाला लावून फुंकर मारा, आरपार गेली की आवाजही जाईल. एव्हीआरच्या दाराला मी वेताची जाळी लावली, जुन्या गोवेकरी खुर्च्यांना असते तीच. हवा खेळते, रिमोट चालतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच होतं, साडेदहा लिटरबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.

एव्हीआर तापतो. वर निदान १५ सेंटिमीटर मोकळे, मागची फळी कापलेली, आणि मागे १२० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा, १२ व्होल्टचा पण कमी व्होल्टेजवर हळू फिरणारा, म्हणजे सिनेमातल्या शांत प्रसंगात घरघर नको. मागच्या प्रत्येक उघड्या भोकाला मच्छरदाणीची नायलॉन जाळी. पालींसाठी. उबेला पाल आत शिरते, सर्किटवर चिकटते, पाल पण जाते आणि बोर्ड पण.

वायर, वीज, भिंत

स्पीकरला १६ गेजची वायर पुरे, मागच्या स्पीकरपर्यंत लांब जायचं असेल तर १४. वायरचं टोक चाकूने खरवडून बघा, आतून चंदेरी निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. प्लस-मायनस तिन्ही डब्यांत सारखं हवं. तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वूफरला क्षणभर लावा, प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. ट्वीटरला हा प्रयोग करायचा नाही. विजेची वायर आणि स्पीकरची वायर एकत्र बांधून नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. टीव्ही ते एव्हीआर एचडीएमआयने, दोन्हीकडे ईएआरसी (टीव्हीचा आवाज एव्हीआरकडे परत पाठवणारी सोय) लिहिलेल्या सॉकेटमध्ये.

अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. मे महिन्यातल्या वळवाला आणि परतीच्या पावसाला गडगडाट झाला की सर्ज प्रोटेक्टरच्या भरवशावर बसू नका, प्लग काढा, डिशची आणि इंटरनेटची वायरसुद्धा.

चिऱ्याच्या भिंतीत रावळप्लग धरत नाही, भोक पाडताना लाल भुगा पडत राहतो आणि दोन महिन्यांनी टीव्ही पुढे झुकतो. मी टीव्ही भिंतीला लावलाच नाही, मधल्या युनिटच्या पाठीला दोन उभ्या लाकडी पट्ट्या बोल्टने कसून त्यावर ब्रॅकेट बसवला. सगळं फर्निचर भिंतीपासून दोन इंच पुढे, भिंतीला ओल येते तेव्हा हवा फिरली पाहिजे. आणि पाय चार इंचांचे, खाली पीव्हीसीच्या टोप्या. पोछा मारता येतो, शिवाय वाळवी वर चढायला लागली तर तिची मातीची नळी पायावर दिसते. जमिनीला टेकलेल्या कपाटात ती आतून खाऊन संपवते तेव्हाच कळतं.

पॉलिश नोव्हेंबर ते मे यातच. दमट हवेत लॅकर मारलं की पांढरट धुकं धरतं, मग सगळं घासून परत. पाठ आणि तळसुद्धा रंगवा, न दिसणारी बाजू कोरी ठेवली की प्लाय तिथूनच पाणी पितं आणि वाकतं.

लावून बघणं

सबवूफर या कॅबिनेटमध्ये घालू नका, कितीही जागा उरली तरी. तो जमिनीवर वेगळा. जागा शोधायची युक्ती अशी की सब उचलून सोफ्यावर तुमच्या जागी ठेवा, बासचं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगत फिरा, जिथे बास गोल आणि सारखा ऐकू येईल तिथे सब. घरचे हसतील, हसू द्या.

एव्हीआरमध्ये पुढचे तिन्ही स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर १०० हर्ट्झ (म्हणजे त्याखालचा बास सबकडे जातो), मग माईक लावून कॅलिब्रेशन, पंखे बंद करून. त्यानंतर मोबाईलवरून २० ते २०० हर्ट्झचा चढता स्वर सोडा आणि हात लावत फिरा. जे झणझणतं ते सापडतं: बिजागरी, वेताची चौकट, काचेचा फोटो. माझ्याकडे ६३ हर्ट्झला काहीतरी किणकिणायचं, दोन संध्याकाळी कॅबिनेट उघडून बसलो, शेवटी ते पलीकडच्या देवघरातलं समईखालचं ताट निघालं.

पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी सिस्टिम चालू ठेवा, आतली ओल जाते. आणि चवथीपूर्वी वायरी काढायच्या आधी प्रत्येक जोडीला दोन्ही टोकांवर नेलपॉलिशचे ठिपके द्या, डाव्याला एक, मधल्याला दोन, उजव्याला तीन. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जागरणाने डोळे चुरचुरत असताना ते ठिपके बघून जोडता येतं, चिकटवलेली कागदी लेबलं तोवर ओलीने गळून पडलेली असतात.